दुसरा प्रश्न कुठे गेला?

१४ सप्टेंबर २०२०. लोकसभेत श्रम मंत्रालयाला एक प्रश्न होता : टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई मिळाली का? तेव्हाचे श्रममंत्री संतोषकुमार गंगवार यांच्या लेखी उत्तराचा मथितार्थ असा, की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न उद्भवत नाही.

त्याआधी चारच महिने, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघालेले मध्य प्रदेशातले मजूर करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले होते. मालगाडी आली आणि १६ जण गेले. त्यांची नावं पोलिसांकडे होती, रेल्वेकडे होती, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे होती. दोन राज्यांच्या सरकारांनी मदत जाहीर केली होती. ज्या मंत्रालयाच्या नावातच श्रम आहे, त्याच्याकडे मात्र नोंद नव्हती.

आता पुढचं ऐका. त्याच अधिवेशनात, काही दिवसांतच, राज्यसभेत तृणमूल काँग्रेसचे डेरेक ओब्रायन यांनी रेल्वेला नेमकं विचारलं, की श्रमिक विशेष गाड्यांमध्ये किती प्रवासी दगावले. रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी आकडा दिला. ९ सप्टेंबरपर्यंत ९७. म्हणजे सरकार तेच, अधिवेशन तेच, एका मंत्रालयाकडे कोरा कागद आणि दुसऱ्याकडे तारखेसकट आकडा.

अशा वेळी लोकसभेत एका खासदाराने उभं राहून एवढंच विचारायला हवं होतं : "रेल्वेने मोजले, मग श्रम मंत्रालयाने का मोजले नाहीत? रस्त्यावर मेलेल्यांची गणती कुणी करायची?" हा प्रश्न विचारला गेला नाही. विचारायची सोयच नव्हती. करोनाचं कारण देऊन त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द केला होता. प्रश्न लेखी पाठवा, उत्तर लेखी घ्या, विषय संपला. विधेयकांसाठी वेळ होता, मतदानासाठी होता, मंत्र्यांच्या निवेदनांसाठी होता. मंत्र्याला उभ्याउभ्या उत्तर द्यावं लागणाऱ्या तेवढ्या एका तासाला विषाणूची भीती होती. याआधी १९६२ च्या चीन युद्धात आणि आणीबाणीतही हा तास बंद होता, हा दाखला तेव्हा देण्यात आला. युद्धाचं एक वेळ समजू शकतं. आणीबाणीचा दाखला स्वतःच्या बाजूने देणाऱ्यांनी आपण कुणाच्या पंगतीला बसतोय हे पाहायला हवं होतं.

लेखी उत्तरावर भागवण्याची ही पद्धत कुणाची आहे, तेही सांगतो. १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने हिंदी सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क पहिल्यांदा दिला, पण पूरक प्रश्नाचा दिला नाही. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, गोपाळ कृष्ण गोखले आधी तिथे आणि मग १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसले. प्रश्न त्यांना विचारता येत होता, पण साहेबाने उत्तर वाचून दाखवलं की त्यावर उलट विचारायची मुभा नव्हती. ती मिळाली १९०९ च्या कायद्याने, तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. इंग्रजांना काय झोंबतं ते इंग्रजांना नीट कळत होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कारकून लिहून देतो. दुसऱ्याचं उत्तर ज्याला द्यावं लागतं, त्याला विषय माहीत असावा लागतो.

माझं सगळं म्हणणं या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

लोकसभेची पद्धत अशी. खासदाराने किमान पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची. मग सोडत निघते. रोज २० तारांकित प्रश्न आणि २३० अतारांकित. अतारांकितांना लेखी उत्तर मिळतं आणि ते सभागृहाच्या पटलावर पडून राहतं. तारांकितांवर मंत्री उभा राहतो आणि त्याच्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. एका खासदाराच्या नावावर दिवसाला एकच तारांकित लागू शकतो. मंत्र्याकडे अधिकाऱ्यांनी बांधून दिलेली जाडजूड फाइल असते, अधिकाऱ्यांसाठीच्या जागेत सचिव-सहसचिव बसलेले असतात, चिठ्ठ्या पोहोचत असतात. खासदाराकडे काय असतं? त्याने केला असेल तेवढा अभ्यास. सभागृहात यंत्रणा आणि माणूस समोरासमोर येतात ते एवढ्याच वेळात, आणि तयारी असलेला एक माणूस अख्ख्या यंत्रणेला घाम फोडू शकतो.

फोडलेला आहे. १९५७ सालची गोष्ट. आयुर्विमा महामंडळ जेमतेम वर्षाचं होतं, मुख्य कचेरी मुंबईत. विमाधारकांच्या पैशातून महामंडळाने कलकत्त्याच्या हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर उचलले. मुंदडा तेव्हा गळ्यापर्यंत कर्जात होता. गुंतवणूक समितीला कुणी विचारलं नव्हतं. सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न आला, तेव्हा सरकारकडून गोलमोल उत्तर मिळालं. आजचा बहुतेक कोणताही खासदार इथे थांबला असता. तेव्हाचे थांबले नाहीत. नोव्हेंबरच्या अखेरीस प्रश्न पुन्हा आला, पूरक प्रश्नांची सरबत्ती झाली, आणि १६ डिसेंबरला फिरोज गांधी कागदपत्रं घेऊन उभे राहिले. शेअर कधी घेतले, कुठल्या भावाने घेतले, त्या दिवशी बाजारात भाव काय होता, हे सगळं त्यांच्याकडे होतं.

फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते, पंतप्रधान नेहरूंचे जावई होते. अडचणीत येणार होते ते नेहरूंच्या मंत्रिमंडळातले वजनदार अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी. तरी फिरोज गांधींनी विचारलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. छागलांनी मुंबईत जाहीर सुनावणी घेतली, आत न मावणाऱ्या गर्दीसाठी बाहेर कर्णे लावले. मुंबईकरांनी अर्थखात्याच्या बड्या अधिकाऱ्यांची उलटतपासणी कान देऊन ऐकली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल आला. सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असं छागलांनी त्यात स्वच्छ लिहिलं, आणि अर्थमंत्र्यांना जावं लागलं. पहिला प्रश्न ते राजीनामा, सगळा मामला सहा महिन्यांचा. मोर्चा नाही, बंद नाही, सभागृहाच्या हौद्यात धाव नाही. फक्त पहिल्या उत्तराने समाधान न झालेले चार-दोन खासदार होते.

आता सत्ताधारी बाकांवरून येणारे प्रश्न बघा. अमुक योजनेचा किती लाभार्थ्यांना लाभ झाला, ते मंत्रिमहोदय सांगतील काय? आणि मग पूरक प्रश्न म्हणून मंत्र्यांचं अभिनंदन. माझ्या मतदारसंघातही हे सुरू करावं, अशी विनंती. काँग्रेसच्या राज्यात हेच चालायचं, भाजपच्या राज्यात हेच चालतं. सत्ताधारी खासदाराला मंत्र्याची अडचण करायची नसते, हे मी समजू शकतो. पण मग त्याने सोडतीत प्रश्न टाकून दुसऱ्याची जागा अडवू नये. वीस जागांपैकी एक जागा स्तुतीने अडली, की कांद्याच्या निर्यातबंदीवरचा किंवा पीकविम्याच्या थकलेल्या पैशावरचा एक प्रश्न खाली जातो.

विरोधकांचं काय? ते सकाळी अकराला फलक घेऊन हौद्यात. कामकाज बारापर्यंत तहकूब, बाहेर कॅमेऱ्यासमोर घोषणा, सगळे खूश. सगळ्यात जास्त खूश मंत्री, कारण त्याची परीक्षा टळली. सकाळचा तास गोंधळात वाया जातो म्हणून २०१४ मध्ये राज्यसभेने प्रश्नोत्तराचा तास अकरावरून बारावर नेला. गोंधळ त्याच्या मागोमाग बाराला गेला. विरोधकांना मी हे चिडून सांगतो आहे : सरकारने प्रश्नोत्तराचा तास रद्द केला तेव्हा तुम्ही लोकशाहीच्या नावाने आकांत केलात, तो बरोबरच होता, पण इतर दिवशी तोच तास तुम्ही स्वतःच्या हाताने रद्द करता. संताप व्यक्त करायला दिवसाचे उरलेले तास आहेत. हा एक तास सोडा.

आणि जे येतच नाहीत त्यांचं? ३० नोव्हेंबर २००९ ला लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास आटोपता घ्यावा लागला, कारण यादीतल्या प्रश्नांखाली ज्यांची नावं होती त्यातले बहुतेक जण सभागृहात नव्हतेच. सोडतीत नंबर लागावा म्हणून धडपडायचं आणि लागल्यावर फिरकायचं नाही.

त्याहून वाईटही आपण पाहिलंय. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. लोकसभेच्या दहा आणि राज्यसभेच्या एका सदस्याला संसदेने घालवलं. त्यात एरंडोल आणि जळगाव या आपल्या दोन मतदारसंघांचे खासदार होते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती हकालपट्टी योग्य ठरवली. शिक्षा झाली ते चांगलंच झालं. पण त्या प्रकरणातली एक गोष्ट मला अजून सलते. पत्रकारांनी बनावट संस्थेच्या नावाने, काहीबाही लिहून दिलेले प्रश्न खासदारांनी वाचूनसुद्धा न पाहता सही करून पाठवले होते. पैसा न घेता, पण वाचूनही न पाहता सही करणारे किती असतील? खासगी सचिवाने तयार केलेले, कुठल्या तरी व्यापारी संघटनेने आयते दिलेले, वर्तमानपत्राच्या बातमीवरून उतरवलेले प्रश्न संसदेत ढिगाने जातात. संसदरत्न पुरस्काराच्या निकषांत प्रश्नांची संख्या धरली जाते, म्हणून शेकड्यांनी प्रश्न पाठवण्याची चढाओढ आहे. महाराष्ट्राच्या खासदारांची नावं या याद्यांत नेहमी वर असतात, आणि त्यातल्या काहींचा अभ्यास खरोखर दांडगा आहे. पण पाचशे प्रश्न विचारणाऱ्याला मी एकच विचारीन : यातल्या किती उत्तरांचा तुम्ही पाठपुरावा केलात?

पाठपुरावा न झाल्यावर काय होतं, त्याचं उदाहरण नाशिकचं आहे. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण गेले. तीन महिन्यांनी, २० जुलैला, राज्यसभेत दुसऱ्या लाटेतल्या प्राणवायूअभावीच्या मृत्यूंबद्दल विचारलेल्या प्रश्नाला केंद्राचं लेखी उत्तर आलं. आरोग्य हा राज्यांचा विषय, मृत्यूंची नोंद राज्यं कळवतात, आणि प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचं कुठल्याही राज्याने खास कळवलेलं नाही. हे उत्तर देणाऱ्या राज्यमंत्री डॉ. भारती पवार नाशिक जिल्ह्यातल्याच, दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार. तेव्हा मुंबईत महाविकास आघाडीचं सरकार होतं, आणि आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही राज्यात प्राणवायूअभावी मृत्यू झाले नसल्याचीच भूमिका घेतली. एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन सरकारं या एका बाबतीत एकमताची निघाली.

उत्तर तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्यावर दुसरा प्रश्न हवा होता. राज्यांना पाठवलेल्या तक्त्यात प्राणवायूअभावी मृत्यू असा रकाना होता का? नसेल, तर राज्यांनी कळवायचं कुठे? असेल, तर तो कोरा ठेवणाऱ्या राज्याला तुम्ही एकदा तरी विचारलंत का? हे तीन प्रश्न सभागृहात मंत्र्याला तोंडावर विचारले गेले असते, तर उत्तराचा सगळा डोलारा तिथेच कोसळला असता. प्रत्यक्षात झालं ते असं, की बाहेर गदारोळ उठला आणि नंतर केंद्राने राज्यांकडे माहिती मागवली. म्हणजे आधी विचारलंच नव्हतं, हे आपोआप सिद्ध झालं.

हीच तऱ्हा २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात. दिल्लीच्या वेशीवर वर्षभर चाललेल्या आंदोलनात किती शेतकरी दगावले, त्यांच्या कुटुंबांना मदत देणार का, असं विचारल्यावर कृषी मंत्रालय म्हणालं, आमच्याकडे नोंद नाही, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही. वर्षाच्या अंतराने दोन मंत्रालयांची उत्तरं जवळजवळ शब्दाला शब्द सारखी. माणसं मेल्याची नोंद ठेवायची नाही आणि मग नोंद नाही म्हणून मदत द्यायची नाही, याला मी प्रशासकीय अडचण म्हणणार नाही. ही पळवाट आहे आणि ती विचारपूर्वक बांधलेली आहे.

आपल्या विधिमंडळाबद्दल थोडक्यात. तिथे तारांकित प्रश्नाचा साचा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. अमुक ठिकाणी अमुक घडलं हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, काय आढळून आले, कोणती कारवाई केली, नसल्यास विलंबाची कारणे काय? साचा उत्तम आहे, शेवटचं कलम तर फार उपयोगाचं. उत्तरांचाही साचा आहे : हे अंशतः खरे आहे, कार्यवाही सुरू आहे, प्रश्न उद्भवत नाही. मुंबई-नागपूरची अधिवेशनं दिवसांवर आली आहेत, आणि जे दिवस मिळतात त्यातले कितीतरी गोंधळात जातात. विलंबाची कारणं विचारणारं ते शेवटचं कलम आता कुणी वाचतही नाही.

पण महाराष्ट्राने याहून वेगळंही पाहिलं आहे. कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून आधी बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९७१ पासून प्रा. मधु दंडवते यांना दिल्लीला पाठवलं. दोघांनी मिळून तीस वर्षांहून अधिक काळ. कोकण तेव्हा मनीऑर्डरींवर जगत होतं, या दोघांच्या मागे पैसा नव्हता आणि बहुतेक काळ सत्ताही नव्हती. मंत्री त्यांना उत्तर देताना तयारी करून येत, कारण उत्तर आल्यावर हे खाली बसणार नाहीत, हे माहीत होतं. एका गरीब मतदारसंघाला हे जमलं, तर आज महाराष्ट्राच्या ४८ जागांना का जमू नये? खासदारांना संशोधनासाठी संसदेचं ग्रंथालय आहे, संदर्भसेवा आहे, पदरी कार्यालय आणि भत्ते आहेत. कमी आहे ती इच्छा, आणि ती जागी करायचं काम मतदाराचं आहे.

आपण खासदाराकडे काय मागतो? सभामंडप, रस्ता, रेल्वेचा थांबा, मुलाच्या प्रवेशाचं पत्र. लग्नाला यावं, दहाव्याला यावं. तो येतोही, आणि आपण त्याला मत देतो. सभागृहात त्याने काय विचारलं, हे गावातला एकही माणूस त्याला विचारत नाही. ज्याची हजेरी लग्नात मोजली जाते, तो लग्नालाच जाणार.

तेव्हा वाचकांना माझी स्पष्ट विनंती आहे. संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरं तारखेनिशी आहेत, फुकट आहेत. आपल्या खासदाराचं नाव घालून गेल्या अधिवेशनातली पाच उत्तरं वाचा. जिथे माहिती गोळा केली जात आहे असं लिहिलंय, तिथे खूण करा. असं उत्तर हे सभागृहाला दिलेलं आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला संसदेची आश्वासन समिती आहे. जिथे नोंद नाही असं लिहिलंय, तिथे ती नोंद दुसऱ्या कुठल्या खात्याकडे असेल, हे डोकं लढवून शोधा. तलाठ्याकडे असेल, रेल्वेकडे असेल, रुग्णालयाच्या रजिस्टरात असेल. मग अधिवेशनाची तारीख जाहीर झाली, की नोटिशीचे पंधरा दिवस हिशोबात धरून खासदाराच्या कार्यालयात एक पत्र द्या. त्यात नवा प्रश्न घालू नका. जुन्याच उत्तरावरचा दुसरा प्रश्न लिहा, पोच घ्या, आणि अधिवेशन संपल्यावर तो विचारला गेला की नाही, हे त्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.